वळणाच्या आतल्या बाजूला

चोपड्याहून निघालो तेव्हा जेमतेम उजाडलं होतं. ट्रकमध्ये केळीचे घड टपाच्याही वर रचलेले, त्यावर ताडपत्री, त्यावर करकचून बांधलेले दोर. रात्री पाऊस पडून गेला होता आणि दोन्हीकडची काळी शेतं ओली होती.

मी साताऱ्याला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. वळणावर रस्त्याला आतल्या बाजूला उतार का देतात, घर्षण किती असलं तर गाडी किती वेगानं जाऊ शकते, हे गणित मी एकोणीस वर्षं फळ्यावर सोडवत आले. पण भरलेल्या ट्रकमध्ये बसून असं वळण कधी घेतलं नव्हतं. माझी मैत्रीण चोपड्याची; तिचे थोरले भाऊ नाना केळी घेऊन धुळ्यामार्गे नाशिकला जातात. दिवाळीच्या सुट्टीत तिच्याकडे गेले आणि धुळ्यापर्यंत न्या म्हणून नानांच्या मागे लागले. "चाला," एवढंच ते म्हणाले.

तापीचा पूल ओलांडल्यावर एक लांब, नीट बांधलेलं वळण आलं. नानांनी वेग जरा कमी केला आणि मग तसाच ठेवला. मांडीवरची माझी पिशवी ना डावीकडे गेली ना उजवीकडे. एका ठरावीक वेगाला हे काम एकटा उतारच करतो, घर्षणाची गरजच उरत नाही, हे वाक्य मी हजारदा उच्चारलं असेल. ते अंगाला पहिल्यांदाच कळलं. मी खुशीत येऊन नानांना सांगितलं, "आणि यात वजनाचा संबंध नाही. गाडी रिकामी असो की भरलेली, सूत्र तेच."

नाना हसले. "वजन ऱ्हाऊ द्या ताई. माल कितला उंच शे ते देखा. रिकामी गाडी घसरस, भरेल गाडी आडवी पडस." (माल किती उंच आहे ते बघा. रिकामी गाडी घसरते, भरलेली आडवी पडते.)

माझ्या फळ्यावरची गाडी म्हणजे एक ठिपका. ठिपक्याला उंची नसते. मी वहीत नानांचं वाक्य उतरवून घेतलं.

अमळनेरला चहा आणि गरम भजी झाली. तिथून धुळ्याच्या रस्त्याला लागून अर्धा तास झाला असेल, तर समोरून येणाऱ्या गाड्या वळणापलीकडे थांबलेल्या. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांनी काळा चिखल वळणभर पसरवला होता. कापूस वेचायला निघालेल्या बायकांचा एक पिकअप आतल्या कडेला घसरून रस्त्यालगतच्या चारीत टेकला होता. कोणाला लागलं नव्हतं. पिकअपच्या अलीकडे, वळणाच्या आतल्याच कडेला, सात-आठ जणी आपली गाठोडी घेऊन बसल्या होत्या.

नाना उतरले, चपलेनं चिखल घासून बघितला. "रस्ता बठ्ठा निसरडा व्हयी ग्या," म्हणाले. (रस्ता सगळा निसरडा झाला.) मग कडेचा मुरूम पाट्यांनी आणून त्यांनी आणि आणखी दोघांनी चाकांच्या वाटेवर टाकला. सगळीकडे पुरेल इतका तो नव्हता. एकेक गाडी मुंगीच्या पावलानं काढायची ठरली. आमचा नंबर पहिला.

मी खाली उभी होते. नाना ट्रकमध्ये चढले आणि माझं लक्ष त्या बायकांकडे गेलं. किमान वेगाचं सूत्र मला आठवलं. 'परीक्षेला येत नाही' म्हणून मी ते दरवर्षी घाईनं सोडून देते. घर्षण फार कमी असेल आणि गाडी फार हळू असेल, तर ती बाहेर जात नाही, उतारावरून आत सरकते. त्यात चाक जागेवर फिरलं, तर उरलंसुरलं घर्षणही गेलं.

मी हात वर करून नानांना थांबवलं आणि बायकांकडे गेले. "अक्का, इथून उठा. पलीकडच्या उंच बाजूला चला."

त्यांच्यातली सगळ्यांत म्हातारी उठेना. "गाडी भाईर फेकस. आठे काय व्हई?" (गाडी बाहेर फेकते. इथे काय होणार?)

"वेगात असली तर बाहेर. आज ती रांगत येणार आहे. ती इकडे, तुमच्या अंगावर येईल."

तिनं एकदा पिकअपकडे पाहिलं. तोही आतच पडला होता. मग गुडघ्यावर हात टेकून उठली. तिच्यामागून बाकीच्या उठल्या.

नानांनी ट्रक हलवला. पुढची चाकं मुरमावरून गेली. मागचं एक चाक मुरूम सोडून चिखलात फिरलं आणि ट्रकची मागची बाजू आत सरकू लागली. केळीचा तो डोंगर कलला. नानांनी ब्रेकला पाय लावला नाही. नुसती रेस कमी केली. चाक जागेवर फिरायचं थांबलं, कडेच्या कोरड्या मुरमाला टेकलं आणि ट्रक सावकाश वर आला. एक गाठोडं विसरून मागे राहिलं होतं, त्यावरून चाक गेलं. आतल्या भाकरी चिखलात दाबल्या गेल्या.

म्हातारी त्या भाकरींकडे बघत राहिली, मग माझा हात धरून म्हणाली, "तू कोनती बाई शे?" (तू कोण, काय करतेस?)

"शिक्षिका आहे."

"मग पोरीस्ले हाई शिकाड." (मग पोरींना हे शिकव.)

धुळ्यात नानांनी एका खानावळीत शेवभाजी मागवली. इतकी तिखटजाळ, की माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नानांनी कांदा माझ्याकडे सरकवला. "तुम्ही बायास्ले उठाडं नसतं तर..." (बायांना उठवलं नसतं तर) एवढं बोलून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण बराच वेळ तो तोंडात घातला नाही. मी म्हटलं, "तुम्ही ब्रेक मारला असता, तर चाकं जाम होऊन ट्रक घसरतच गेला असता." त्यावर त्यांनी मान डोलावली. आमची दोघांची विद्या त्या सकाळी पुरी पडली होती, आणि याचा मला अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी एसटीनं परतताना ते वळण आलं. पिकअप नव्हता, चिखल वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. ट्रकच्या मागच्या चाकाची वाकडी रेघ मात्र कडेपर्यंत गेलेली स्पष्ट दिसली. बस चार-पाच सेकंदांत वळण घेऊन पुढे गेली. शेजारच्या बाई झोपेत होत्या, त्यांची मानसुद्धा कलली नाही.

सुट्टीनंतर पहिल्याच तासाला मी किमान वेगाचं सूत्र आधी घेतलं. मग फळ्यावर ते चिखलाचं वळण काढून विचारलं, "या रस्त्याच्या कडेला तुमची आई बसली असेल, तर तिला कोणत्या बाजूला बसवाल?" मुलामुलींनी वह्या उघडल्या आणि ती स्वतःच आकृती काढू लागली.