उदारामच्या सहा टोपल्या

दवनीवाड्याजवळच्या केशोरावांच्या गिरणीत उदाराम सव्वीस वर्षांपासून धान उकडत होता. भट्टीत तूस घालायचे, लोखंडी टाकीत पाणी तापवायचे, त्यात धान रात्रभर भिजवून सकाळी वाफ द्यायची. पण भट्टी पेटवण्याआधी तो धानाच्या राशीत कोपरापर्यंत हात खुपसून क्षणभर थांबे. रास कोमट लागली की पाच टोपल्या तूस, गार लागली की सहा. पाणी कोमट पडले की भिजलेले धान आंबते; त्याच्या टाकीला कधी वास आला नव्हता. मिरवावे असे त्याच्याजवळ तेवढेच होते.

२००६च्या डिसेंबरात केशोरावांचा पुतण्या हेमेंद्र नागपुरातून शिकून आला आणि वही घेऊन भट्टीपुढे उभा राहिला.

"उदारामकाका, पाणी दोन हजार लिटर. पंधरा अंशांवरून पंच्याहत्तरवर न्यायचं. दोन हजार गुणिले साठ, एक लाख वीस हजार किलोकॅलरी. किलोभर तुसातली दीड हजार पाण्याला पोचते. म्हणजे ऐंशी किलो, वीस किलोच्या चार टोपल्या. तुम्ही सहा कायले टाकून राहिले?"

"धान गार हाय, बापू."

"तापवायचं पाणी आहे, धान नाही."

"मंग धान का घरून तापून येते?"

दारात उभे असलेले केशोराव हसले. "तुहा हात हाय तो, उदाराम, थर्मामीटर नोहे. चारच टाक."

चार टोपल्यांत पारा बरोबर पंच्याहत्तरवर आला. मग दीड हजार किलो गारठलेले धान आत पडले. पारा साठापर्यंत उतरला आणि रात्रभर उतरतच गेला, तेव्हा त्याच्याकडे पाहायला कोणी नव्हते.

सकाळी उदारामने झाकण उचलले आणि तोंड फिरवले. पाण्यावर पिवळट, बुळबुळीत फेस साचला होता. त्यातून बुडबुडे फुटत होते. नासक्या पेजेत शेण कालवावे तसा आंबूस भपकारा नाकातून थेट पोटात उतरला.

हेमेंद्र रुमालाने नाक दाबून वहीत पुन्हा आकडे मांडू लागला. "धानाचं राहिलंच! एवढं धान सहाशे लिटर पाण्याइतकी उष्णता खातं. त्याची सव्वा टोपली, उरलेली रात्रभरच्या थंडीची. उदारामकाका, सहाच येतात!"

त्याचा तो हरखलेला चेहरा पाहून उदारामला टाकीपेक्षा जास्त किळस आली.

"वाळवून चांगल्यात मिसळ," मागून आलेले केशोराव म्हणाले. "कोनाले कळते?"

त्यातलेच मूठभर धान उदारामने वाफवले, शेकून वाळवले, कांडले, शिजवले आणि दुपारी पळसाच्या पानावर मालकापुढे ठेवले. "एक घास घ्या, मालक. मंग मिसळतो."

केशोरावांनी घास तोंडात घातला आणि भिंतीवर थुंकला. संध्याकाळपर्यंत सगळे धान खड्ड्यात गेले.

उदारामने टाकी राखेने तीनदा घासली, चुन्याने धुतली. घरी बायकोने, रुख्माने, ताटात भात वाढला. त्याने हात नाकाशी नेला, त्याला अजून टाकीचाच वास होता, आणि ताट सरकवले.

"काऊन, जेवत नाही का?"

"भाकर असन तर दे."