आवारात राहिलेली पालखी

सदाकाकांना मी पहिल्यांदा पाहिले ते मस्कतमधल्या आमच्या माबेल्याच्या घराच्या दारात, हातात रंधा घेऊन. दरवाजा दमट हवेने फुगून चौकटीत अडकत होता आणि बाबांनी गावच्या ओळखीने त्यांना बोलावले होते. श्री. सदानंद मेस्त्री तेव्हा गाल्यातल्या एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये सुतारांचे फोरमन होते. माझ्या शाळेत मराठी नव्हती, म्हणून बाबा मला घरी कॅलेंडरच्या पाठीमागचा मजकूर मोठ्याने वाचायला लावत. काका रंधा मारता मारता ऐकत होते. एका जोडाक्षरापाशी मी गप्प झाले.

"थांबू नको गो," ते म्हणाले. "चुकलंस तरी चलात. थांबलंस की तोंडात इंग्लिश येता."

आता ते साठीचे झाले आहेत आणि पुढच्या महिन्यात कायमचे गावी परतत आहेत. इथल्या आपल्या गावकऱ्यांच्या मंडळाने मला या गौरव अंकासाठी लिहायला सांगितले, तेव्हा मी आधी नकार दिला होता. आमच्या घराचे आणि काकांचे देवळावरून काय बिनसले, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. ते गाळून लिहिले तर लेख खोटा ठरेल, आणि लिहिले तर स्वतःच्या वडिलांविषयी लिहावे लागेल. शेवटी मसुदा मी बाबांना वाचून दाखवला. "खरं आहे ते राहू दे," एवढेच ते म्हणाले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या ग्रामदेवीचे देऊळ पिढ्यान्‌पिढ्या दोन मानकरी घराण्यांच्या हाती होते. त्यांतले एक आमचे. शिमग्यात देवीची पालखी देवळातून निघून गावातल्या प्रत्येक घरी जाते आणि बायका आपापल्या उंबऱ्यावर देवीची ओटी भरतात. पालखीला पहिला खांदा कोणी द्यायचा, यावरून दोन्ही घराण्यांत वाद पेटला. एका शिमग्याला तर हाणामारीच झाली आणि पालखी जमिनीला टेकली. गावाला मान खाली घालावी लागली.

मेस्त्री घराण्याला खांद्याचा मान नाही. दरवर्षी पालखीचे सांधे तपासून देणे एवढेच त्यांचे काम. म्हणून दोन्ही बाजूंचा काकांवर विश्वास होता. इथे मस्कतमध्ये गावचे इतके लोक, की तोडगा हमरियातल्या मंडळाच्या खोलीतच निघेल असे गावाला वाटले. त्या बैठकीत काकांनी सुचवले की देऊळ सरकारी प्रशासकाकडे द्यावे.

बाबा उसळले. "देवी आमची, साहेबाची नव्हे! उद्या तहसील कचेरीतला कारकून देवीक सांगात, आज सुट्टी हा म्हणान?"

"देवी तुमचीच," काका शांतपणे म्हणाले, "पण तुमच्या भांडणात ती पडली. साहेब निदान तिका पाडूचो नाय."

सगळे हसले, बाबांखेरीज. मग काकांनी आणखी एक गोष्ट सुचवली. वाद मिटेपर्यंत पालखी देवळाच्या आवारातच फिरवावी. "हय आपण काय करतो? सगळा आवारात. रस्त्यार मिरवणूक नाय, वाजप नाय. कोणाचा काय अडला? देव कमी झालो?" परदेशात आपण सर्वांनी जे मुकाट्याने अंगवळणी पाडून घेतले होते, तेच त्यांनी गावाला सुचवले. कोणालाच त्यात वावगे वाटले नाही. काकांच्या नावाने सरकारकडे अर्ज झाला, त्यात ते वाक्य गेले आणि प्रशासक आले.

सरकारी कारभाराने देवळाचे भले केले, हे प्रामाणिकपणे म्हणायला हवे. गळके छप्पर दुरुस्त झाले. हिशेब भिंतीवर लागू लागला. पूर्वी मानकऱ्यांची माणसे आली की रांगेतली म्हातारी बाजूला सारली जाई, ते थांबले. पण अर्जातले "वाद मिटेपर्यंत" हे शब्द पहिल्या अधिकाऱ्यांनाच ठाऊक राहिले. त्यांची बदली झाली. नंतर आलेल्यांनी फक्त हुकूम वाचला : पालखी आवाराबाहेर जाणार नाही. काकांनी सुट्टीवर गेल्यावर कचेरीत विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की दोन्ही घराण्यांनी मिळून भांडणार नाही असे लिहून द्यावे, मग पाहू. अधिकारी वाईट नव्हते. त्यांना आपल्या गावातली दारे माहीत नव्हती. ज्यांना माहीत होती, ते आम्ही लोक सही करत नव्हतो.

त्या वर्षांत बाबा काकांशी बोलत नसत. तरी आईचे ऑपरेशन झाले आणि बाबा कामासाठी दूर सलालाला अडकले, तेव्हा हॉस्पिटलात काकाच येऊन बसले. जेवणाचा डबा, औषधे, सारे त्यांनी पाहिले. मी संकोचून म्हटले, "काका, बाबांना हे कळलं तर..."

"कळांदे. तुझ्या बापाशीशी माझो वाद देवळाचो. तुझ्या आवशीशी माझो काय वाद नाय."

त्यांच्या स्वतःच्या आईचे वय तेव्हा फार झाले होते. देवळाच्या पायऱ्या त्यांना चढवत नव्हत्या. दर शिमग्याला त्या अंगण सारवून घेत, ओटीचे सामान सुपात काढून दारात बसत. कोणी सांगितले की पालखी येणार नाही, तर म्हणत, "माझ्या सदान साहेबाक सांगल्यान असतला." त्या असे म्हणत असतानाची एक क्लिप काकांच्या भाच्याने त्यांना मोबाइलवर पाठवली होती. वर्कशॉपमधल्या एका सहकाऱ्याने मला सांगितले की काकांनी ती एकदाच पाहिली आणि फोन खिशात ठेवून मशीन सुरू केले.

पुढच्या शिमग्याला ते गावी होते. नवे अधिकारी भले गृहस्थ होते. आजींविषयी, म्हणजे काकांच्या आईंविषयी, ऐकून ते म्हणाले, "मेस्त्री, अर्जदार तुम्ही आहात. तुमच्या एका घरी पालखी नेण्याची खास परवानगी मी देतो."

काकांनी हात जोडले आणि नको म्हटले. "साहेब, एका दारात गेली तर बाकीच्या दारांनी काय घोडा मारल्यानी?"

पुढचा शिमगा येण्याआधी आजी गेल्या.

काकांचा तो नकार योग्य होता का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. निःपक्षपातीपणाचे याहून मोठे उदाहरण मी पाहिलेले नाही. तरीही मला वाटते की त्यांनी हो म्हणायला हवे होते. आणि त्याहून अधिक हे वाटते, की त्यांच्यावर हा प्रसंग यायलाच नको होता. तो आम्ही आणला.

दिवसकार्य उरकून काका मस्कतला परतले, तेव्हा बाबा मला घेऊन हमरियातल्या त्यांच्या खोलीवर गेले. चहा झाला. मग बाबा म्हणाले, "मेस्त्री, आमी सही करतों. पहिलो खांदो कोणीय देवंदे."

काकांनी कप खाली ठेवला. "करा," ते म्हणाले. "पण आयेसाठी करू नकात. आयेची वाट बघून झाली. बाकीची म्हातारी माणसा आसत, त्यांच्यासाठी करा."

बाबांनी सही केली. दुसऱ्या घराण्याकडे काका स्वतः तीनदा जाऊन बसले, तेव्हा त्यांचीही सही झाली. तो कागद आता कचेरीत आहे. उत्तर आलेले नाही. "इन्शाल्ला येतला," असे काका वर्कशॉपमधल्या सवयीने म्हणतात. गावी गेल्यावर त्याचाच पाठपुरावा करायचा, एवढाच त्यांचा निवृत्तीनंतरचा बेत आहे.

हुकूम निघाला तरी पालखी आधी काकांच्या दारी येणार नाही. गावच्या क्रमात सुतारवाडीची पाळी सर्वांत शेवटी लागते, आणि तो क्रम काका मोडू देणार नाहीत. तेवढी वाट उभ्याने पाहता यावी इतके बळ त्यांच्या गुडघ्यांत राहो, आयुष्य उदंड आणि निरोगी लाभो, आणि पालखी येईल तेव्हा ओटीचे सूप हाती घेऊन ते स्वतः दारात असोत, एवढेच देवीपाशी मागते.