चार बदाम आणि तीन राजे

संशय माझ्या हाडीमाशी खिळलेला आहे. पाण्याचा टँकर आला की तो भरून आलाय की अर्धाच, हे मी त्याच्या चाकांकडे बघून ठरवतो. कुणी आपणहून चहा पाजला तर दिवसभर कारण शोधत बसतो. सूर्यमाळकडच्या आश्रमशाळेत शिकवायला लागल्यापासून हा गुण वाढतच गेला.

रविवारी मुलांपाशी कुणीतरी थांबावं लागतं. त्या रविवारी एक तर मी थांबणार होतो, नाही तर आमचा क्लार्क. असला वाद आम्ही पत्त्यांवर मिटवायचो. वसतिगृहाचे अधीक्षक मोबाइलवर पोकर शिकले होते, तेच पानं वाटायचे. पैसे नाहीत, चिंचोके. ज्याचे संपतील तो थांबणार.

मला घरी जायचंच होतं. गावात बोहाडा होता, आणि त्यात मुखवटा घालून नाचायच्या एका सोंगाचा मान आमच्या घराकडे. वडिलांचे गुडघे गेलेले, म्हणून यंदा सोंग मी घ्यायचं ठरलं होतं. मी गेलो नाही तर चुलतभाऊ घेणार होता, आणि एकदा दुसऱ्या घरात गेलेला मान परत मागायचा कसा? हे क्लार्कला मी मुद्दाम सांगितलं नाही. आपली नड कळली की समोरचा तीच धरून खेळतो, अशी माझी खात्री.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसलो. बराच वेळ रडतखडत चाललं आणि मग माझ्या हातात दोन राजे आले. मधे दोघांसाठी उघडी पानं मांडतात, त्यात पहिलाच बदामचा राजा! माझे तीन राजे झाले. पण शेजारी बदामचीच नव्वी, बदामचीच सत्ती. पोकरमध्ये एका रंगाची पाच पानं तीन राजांना खातात. म्हणून मी हुरळलो नाही, काही न लावता नुसतं ‘चेक’ म्हणालो. क्लार्कने चाल केली, मी तेवढेच चिंचोके टाकले. चौथं पान बदामची दुर्री. आता त्याच्या हातात एक बदाम जरी असला तरी माझे राजे गेले.

शेवटचं पान कामाचं नव्हतं. क्लार्क साखरशेतचा माणूस, एरवी चिंचोका टाकताना दहादा विचार करतो. त्याने सगळा ढीग पुढे ढकलला आणि अंगणाकडे बघत बसला. इतका निवांत का? तेवढ्यात अधीक्षकांनी कान खाजवला. खाज होती की खूण? दोघं मिळालेले तर नाहीत? मी पानं पालथी टाकून डाव सोडला.

“नव्वीची ट्रेल!” क्लार्कने दोन नव्व्या उघड्या केल्या. “ट्रेलच्या वर काय असतो, गुरुजी?”

तीन पत्तीत ट्रेलच्या, म्हणजे तीन सारख्या पानांच्या, वर काही नसतं, आणि तो लहानपणापासून तीन पत्ती खेळलेला. समोर चार बदाम पडलेत, याच्याशी त्याला देणंघेणंच नव्हतं. मी माझे राजे न दाखवता गड्डीत सारले. त्याच्या भाबडेपणाचा असा संताप आला! माझे उरलेले चिंचोके संपायला वेळ लागला नाही.

सोमवारी सकाळी वडिलांचा फोन आला. “तुझा भाऊ बरा नाचला,” एवढंच बोलले. पुढच्या वर्षाचं त्यांनी काढलं नाही, मीही विचारलं नाही.

दुपारी क्लार्क माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. त्याला कुठून तरी कळलं होतं.

“गुरुजी, तुमचा सोंग होता ना? मग सांगायचा ना! मना काय काम होता घरी? निस्ता झोपून रेलो. थांबलो असतो मी.”

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिथे थोडी जरी लबाडी सापडली असती तरी मला बरं वाटलं असतं.