चुंबकाला विचारा

शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, चष्मा ठेवतात. तो चुंबक ठेवायचा. बोटभर लांबीचा, काळा, वापरून वापरून कडा गुळगुळीत झालेला. गिऱ्हाईकानं "माल कसा आहे?" म्हणायच्या आत तो चुंबक बाहेर काढायचा, नव्या लखलखत्या सायलेन्सरवर टेकवायचा आणि सोडून द्यायचा. चुंबक टपकन खाली, त्याच्या तळहातात. "माणसाला विचारू नका, अक्का. चुंबकाला विचारा."

त्याचं दुकान तंजावूरच्या बाहेरच्या रस्त्याला होतं. गाड्यांचे सायलेन्सर विकायचा, बसवूनही द्यायचा. मी पुण्यातली नोकरी संपवून आईजवळ राहायला परत आले, तेव्हा माझी गाडी म्हातारी झाली होती आणि तिचा कंपनीचा सायलेन्सर गंजून गळायला आला होता. त्यानं त्या जुन्या नळीला चुंबक लावला. तो घट्ट चिकटला. त्यानं जीभ टाळ्याला लावून चक् केलं आणि भुवया वर केल्या. मग स्वतःच्या मालाला लावला. टपकन खाली. "बघा," एवढंच म्हणाला. मला काय, आमच्या घरचे स्टीलचे पेलेही चुंबकाला चिकटत नाहीत. मी म्हटलं, हेच ते अस्सल. बसव.

नळ्या बसवता बसवता माझं आडनाव विचारलंन आणि एकदम मराठीत घुसला. तुम्ही महाराष्ट्रात राहणारे, तुम्हाला त्यात काय विशेष वाटणार! पण इथे राजवाड्यामागच्या आमच्या मराठी गल्लीतल्या पोरांना आपण मराठीत हाक मारावी आणि त्यांनी तमिळमध्ये ओ द्यावी, अशी गत. आणि हा ग्रीसनं माखलेला गडी चक्क माझ्या आजीसारखं बोलत होता. मी त्याला त्याच दिवशी घरी जेवायला बोलावलं.

आईला तर घबाडच मिळालं. माझी मराठी तिला पसंत नाही. "तुझं बोलणं रेडिओसारखं," म्हणते. त्याची मराठी त्याच्या आजीकडून आलेली, अर्धी तमिळ, सगळे हेल आमच्याच गल्लीतले. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी तो यायचा. "मावशी, आज डांगर पच्चडी केलीत का?" असं दारातूनच ओरडायचा; उडदाचं पीठ दह्यात कालवून आई ती करायची. कोणाचं लग्न कसं मोडलं, कोणाच्या सासूनं कोणाची नथ लपवली, तासभर चालायचं. त्यातले कितीतरी शब्द मला कळायचे नाहीत आणि ती दोघं माझ्याकडे बघून हसायची.

एकदा त्यानं आईच्या फडताळातली सगळी भांडी चुंबकानं तपासली. माझ्या वहिनीनं आणलेल्या डब्याला चुंबक चिकटला. आईला काय आनंद झाला! "मी म्हणतच होते!" वहिनीला हे अजून माहीत नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

वर्षभरात माझी गाडी पुन्हा फुरफुरायला लागली. त्यानं खाली वाकून पाहिलं, मान हलवली. "ऐय्यो, अक्का, गल्लीतून बाजारात, बाजारातून गल्लीत. नळी तापतच नाही, पाणी आत राहतं. गंजणारच." मला पटलं. चूक माझी, गाडी मी चालवत नाही म्हणून! त्यानं दुसरा सायलेन्सर बसवला आणि मजुरी घेतली नाही. मी आईला म्हटलं, आपला माणूस तो आपला माणूस.

मग आईचं डोकं दुखायला लागलं. दर पंधरा दिवसांनी मी तिला पापनाशमला तिच्या बहिणीकडे न्यायची. आई मागच्या सीटवर, काचा बंद, कारण वारा तिच्या कानात जातो. पोचेपर्यंत तोंड उतरलेलं, डोकं जड, कधी मळमळ. डॉक्टर म्हणाले, वय. मावशी म्हणाली, पित्त. मी लिंबू-साखर देत राहिले.

शेवटच्या खेपेला पापनाशमच्या जरा अलीकडे मी "आई, आलं हं गाव" म्हटलं आणि मागून आवाजच आला नाही. वळून पाहिलं तर मान एका बाजूला पडलेली. गाडी थांबवून दारं उघडली, तिला ओढून झाडाखाली बसवलं, तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "झोप लागली वाटतं."

रिक्षा करून तिला दवाखान्यात नेलं आणि गाडी तिथल्याच एका गॅरेजमध्ये दिली. दुपारी मी गेले तेव्हा तिथला माणूस मला गाडीखालच्या खड्ड्यात उतरवूनच बोलला. सायलेन्सरचा सांधा मागच्या सीटच्या खाली लांबलचक उकलला होता. बाहेरून अजून चमकत होता मेला, आतून पापडासारखा चुरा. गाडीचा तळही एका जागी गंजला होता, तिथून धूर आत. "मागे कोण बसतं, अम्मा?" त्यानं विचारलं.

आता माझं डोकं कसं चाललं ते ऐका. मी रागावले ती त्याला माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्यावर. कोणीतरी आपल्या भोळ्या माणसाच्या गळ्यात वाईट माल मारतंय, त्याला सावध केलं पाहिजे! आई घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी गॅरेजवाल्यानं काढून दिलेला तो फुटका सायलेन्सर डिकीत टाकून मी त्याच्या दुकानात गेले. त्याला सावध करायला.

तो जेवायला गेला होता. त्याची स्वतःची गाडी खड्ड्यावर उभी होती, तेल बदलायला घेतलेली असावी. गल्ल्यावर चुंबक पडला होता. वाट पाहत मी उगाच खाली डोकावले. त्याच्या गाडीचा सायलेन्सर मळकट होता, वरवर तांबूस, पण अख्खा, धड. त्यावर कंपनीचा शिक्का होता. मी चुंबक उचलला आणि हात लांबवून लावला. असा चिकटला की ओढून काढावा लागला.

"अक्का?" तो मागे उभा होता, हात पुसत.

"हा कंपनीचा ना?"

"होय."

"याला चुंबक चिकटतो."

त्यानं माझ्या डिकीकडे पाहिलं. मग हळू आवाजात, अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, "अक्का, कंपनीचा पत्रा वेगळा. चिकटतो, पण उष्णता सोसतो, ओल सोसतो. माझ्याकडचा चिकटत नाही, चमकतो छान. पण त्यात कस नाही. सांध्यातून जातो."

"आणि तू सगळ्यांना चुंबक लावून दाखवतोस!"

"न चिकटला म्हणजे चांगला, असं मी कधी म्हटलं? चुंबकाला विचारा म्हटलं."

"मग तुझ्या गाडीला कंपनीचा का?"

"पोरं बसतात ना, अक्का."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरं बसतात! आणि माझ्या गाडीत कोण बसायचं? कोणाच्या हातची पच्चडी खाऊन तू ढेकर द्यायचास? मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. निम्मं तमिळमध्ये बोलले, कारण शिव्या मला त्याच भाषेत चांगल्या येतात. तो मान खाली घालून ऐकत राहिला. वाद घातला असता तरी परवडलं असतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

आईला सांगू नये असं फार वाटलं. तिच्याशी तसं बोलणारं दुसरं कोणी उरलंच नव्हतं. पण शनिवार जवळ येत होता आणि तिनं उडदाचं पीठ काढून ठेवलं होतं. मी सांगितलं, सगळं.

ती रडली नाही, चिडली नाही. हाताच्या शिरा चोळत बसली. मग म्हणाली, "त्याला एक विचारून ये. माझ्याशी येऊन बोलायचा, हसायचा, ते तरी खरं होतं का? की तेही दुकानच?"

"आई, त्याचं तोंड बघायची इच्छा नाही मला."

"तुला नाही. मला आहे ना. जा."

गेले. दुकानात एक नवरा-बायको उभी होती, तान्हं कडेवर. मला पाहून त्यानं खिशाकडे नेलेला हात खाली घेतला आणि बाहेर आला. मी आईचा प्रश्न तिच्याच शब्दांत विचारला. त्याचे डोळे भरले. खोटे नव्हते ते, मी जवळून पाहिले. "खरं होतं, अक्का. देवाशपथ खरं. मावशींकडे यायला मी शनिवारची वाट बघायचो." नाक पुसलंन. "धंदा वेगळा." आणि गिऱ्हाईक ताटकळलं होतं म्हणून आत गेला.

तो पुन्हा आमच्या दारात आला नाही.

मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, आईला तेवढाच आधार होईल.

"खरं होतं म्हणाला?"

"हो. रडला."

आईनं पिठाचा डबा उचलला, झाकण घट्ट लावलं आणि फडताळात अगदी मागे सारला. "मग फार वाईट झालं गं," ती म्हणाली. "खोटं असतं तर मी त्याला विसरले असते."