साठेसाहेबांचं शांत ओसाका

चंदीगडच्या आमच्या मराठी कंपूत रविवारी कुणाच्या तरी घरी पोहे होतात आणि पोह्यांपेक्षा किस्सेच जास्त उरतात. ओसाकाला जाऊन आल्यापासून तर ते ठेवायला जागा नाही! गेलो होतो चौघं: साठेसाहेब, साठेवहिनी, डॉक्टर बापट आणि मी. साहेब केंद्र सरकारात मोठ्या हुद्द्यावर, म्हणून पुढारीपण त्यांच्याकडे. निवडून कुणी दिलं नव्हतं.

*

"गर्दीत मूर्ख फिरतात! आपण शांत वस्तीत राहायचं, तिथेच खायचं, तिथेच शॉपिंग." हे साहेबांचं फर्मान. चंदीगडला येऊन एवढी वर्षं झाली, पण साहेबांनी साधा रुमालसुद्धा सेक्टर १७चा गजबजलेला बाजार सोडून कुठे घेतलेला नाही!

पहिल्याच दिवशी वहिनींनी विचारलं, "समोरच्या गल्लीत मी जरा एकटीच फिरून येऊ का?" सगळ्या ट्रिपमध्ये बाईंनी मागितलं ते एवढंच.

"हरवशील," साहेब म्हणाले. विषय संपला.

*

हरवले कोण? साहेब! चंदीगडकराला पत्ता विचारायची सवयच नसते. सेक्टर कळला, नंबर कळला, की झालं. तिथे मात्र जे घर आधी बांधलं त्याला आधीचा नंबर. तीनच्या शेजारी चौदा! मुक्कामाचं चार नंबरचं घर शोधत साहेब त्याच कोपऱ्यावर पुन्हा पुन्हा उगवत होते, पण कुणाला विचारतील तर शपथ.

शेवटी एक पोलीस सायकलवरून उतरून मदतीला आला. साहेबांनी त्यालाच इंग्रजीत सुनावलं, "तुमच्या शहराचं प्लॅनिंगच चुकलंय!"

*

डॉक्टर बापटांना 'लोकल फूड' हवं होतं. गल्लीतल्या चिमुकल्या खाणावळीत शिरलो. सुपात मासा आहे असं कळताच बापटांनी पिशवीतून दशम्या काढल्या, शेंगदाण्याची चटणी काढली आणि मालकाच्या काउंटरवर पंगत मांडली. मालक बिचारा हात बांधून बघत राहिला.

बाहेर पडल्यावर बापट खूश. "काय शांत वस्ती आहे यार! कुणी टोकत नाही!"

*

छत्रीच्या दुकानात साहेबांनी घासाघीस सुरू केली. दुकानदार नम्रपणे वाकला. साहेबही वाकले. तो आणखी वाकला. असं बराच वेळ चाललं आणि साहेब पूर्ण किंमत मोजून बाहेर आले.

"मान दिला ना त्यानं," म्हणाले. "मान महत्त्वाचा!"

*

शेवटच्या दिवशी साहेबांच्या मागे जाऊन आम्ही सगळेच हरवलो. पोटात कावळे ओरडत होते. तेवढ्यात वहिनी मुकाट्यानं पुढे झाल्या, दोन गल्ल्या वळल्या आणि टोफूच्या, म्हणजे सोयाबीनच्या पनीरच्या, एका जुन्या दुकानापुढे थांबल्या. आतली म्हातारी लगबगीनं आली, वाकली, हसली आणि काही न विचारता वहिनींपुढे गरम टोफूची वाटी ठेवली. आम्ही घोरत असताना वहिनी रोज सकाळी इथे येत होत्या, हे आम्हाला तेव्हा कळलं!

साहेब तरातरा पुढे गेले. "आय ॲम हर हजबंड!"

म्हातारी गोंधळली. वहिनींनी आपला फोन पुढे केला. ती त्यात काहीतरी पुटपुटली आणि फोन हिंदीत बोलला, "माफ़ कीजिए, हमें लगा आप अकेली आई हैं."

वहिनींनी आधी एक घास खाल्ला. मग फोन तोंडाशी नेऊन म्हणाल्या, "जी, मुझे भी."