सतरा नंबरच्या पत्राच्या तीन प्रती

माझी मावशी एकतीस वर्षं पक्षाच्या कचेरीत टायपिस्ट होती. तिच्या कागदावर कुणाला खाडाखोड सापडली असेल तर मी माझं नाव बदलीन. बाई नाकावर माशी बसू न देणारी. कुणी म्हणालं, जरा भरभर होऊ द्या, की ती यंत्रावरून हात उचलायची आणि तो माणूस खोलीबाहेर जाईपर्यंत त्याच्याकडे नुसती बघत बसायची. तिची एक सवय होती. कार्बन लावून जितक्या प्रती काढायच्या, तितके ठिपके ती शेवटच्या ओळीखाली डाव्या कोपऱ्यात मारायची. दोन प्रतींना दोन, पाच प्रतींना पाच. एखादी प्रत गहाळ झाली तर कळावं म्हणून. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिनेच काढलेलं.

कचेरी म्हणजे बस डेपोमागच्या गल्लीतल्या बैठ्या घराच्या तीन खोल्या. पक्ष आमच्या प्रांतापुरताच, पण परदेशातल्या बड्या कम्युनिस्ट पक्षाला मानणारा. तिथल्या मुख्य कचेरीला इथले लोक ‘वरचा मजला’ म्हणायचे, आणि कचेरीच्या घराला तर साधा जिनाही नव्हता. वरच्या मजल्यावरून पत्र आलंय म्हटलं की बैठकीत सगळे चिडीचूप. मूळ पत्र वाचून जाळायचं असा नियम होता. दप्तरात राहायचं ते फक्त भाषांतर, मावशीने टाइप केलेलं.

आता खरं सांगते. वरच्या मजल्यावरून वर्षाला दोन-तीन पत्रं यायची, तीही बहुतेक मासिकाचे अंक पोचले का असं विचारणारी. बाकीची सगळी पत्रं आमच्या सेक्रेटरींची. त्यांना सगळे ‘थोरले’ म्हणायचे. बैठकीत मतं फुटली की दुसऱ्या दिवशी थोरले मागच्या खोलीत येरझाऱ्या घालत मजकूर सांगायचे आणि मावशी टाइप करायची. दरवेळी तीन प्रती. एक दप्तराला, एक बैठकीत वाचायला आणि एक वरच्या मजल्याला, माहितीसाठी. म्हणजे आपण इथे काय आदेश दिलाय ते वरच्या मजल्यालाही कळावं म्हणून! मावशीला यात काही वावगं वाटायचं नाही. घरच्या माणसाचं कोण ऐकतंय, परक्याचं म्हणून सांगितलं तर ऐकतात, असं ती म्हणायची. या म्हणण्याचा मला आजही राग येतो, आणि ते मी तिला तोंडावर सांगितलंय.

पत्रात माणसांची नावं नसायची, नंबर असायचे. कुठला नंबर कुणाचा, ती यादी थोरल्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात.

मावशीचा नवरा, माझा काका, डेपोत मेकॅनिक होता आणि पक्षाच्या कमिटीवरही. हातांचं ग्रीस कधी पुरतं निघालं नाही, पण बोलायला लागला की अख्खं वर्कशॉप हातातले पाने-पक्कड खाली ठेवायचं. त्या वर्षी निवडणुकीआधी थोरल्यांच्या मनात सरकारपक्षाशी हातमिळवणी करायचं आलं. काका आडवा गेला. ज्यांनी आपल्या माणसांवर लाठ्या चालवल्या त्यांच्या मांडीला मांडी लावून बसणार नाही, म्हणाला. कमिटी निम्मी निम्मी फुटली.

बुधवारी थोरल्यांनी मावशीला मागच्या खोलीत बोलावलं. हातमिळवणी का हवी, यावर दीड पान झालं. मग म्हणाले, लिही, सतरा नंबरचा सभासद शत्रूच्या संपर्कात असल्याचे दिसते, त्याच्याविषयी योग्य तो विचार व्हावा. मावशीने टाइप केलं, वाचलं आणि नाक मुरडलं.

“फार मिळमिळीत झालंय हे,” ती म्हणाली.

“मग काय घालू?”

“‘विनाविलंब दूर करावे’ असं घाला.”

थोरले तिच्याकडे क्षणभर बघत राहिले आणि म्हणाले, घाल. मावशीने तो कागद काढून नवा लावला, खाली तीन ठिपके मारले. आपली भाषा चांगली आहे याचा तिला अभिमान होता. थोरल्यांना शब्द सुचवला म्हणून त्या दिवशी स्वारी खुशीत घरी आली. सतरा नंबर कुणीतरी लांबच्या शाखेतला असेल असं तिला वाटलं होतं.

शुक्रवारी कमिटी बसली, पत्र वाचलं गेलं. संध्याकाळी काका घरी आला, हात धुतले आणि टॉवेलला पुसत विचारलं, “तीन प्रती काढल्यास ना?”

मावशी सहज हो म्हणाली. मग तिने त्याचा चेहरा पाहिला. भिंतीला धरून ती खाली बसली. मला माहीत नव्हतं, सतरा नंबर तू आहेस हे मला माहीत नव्हतं, असं तिने दहा वेळा सांगितलं. तो म्हणाला, असू दे. त्याने विश्वास ठेवला की विषय मिटवला, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. बैठकीत थोरल्यांनी यादी काढून त्याचं नाव वाचलं होतं आणि त्याला तिथेच पक्षातून काढलं होतं. डेपोत त्याला हेर म्हणायला लागले. डबा खायला तो एकटा बाहेरच्या टायरवर बसायचा. असा अकरा वर्षं बसला आणि मेला. थोरल्यांच्या नावाने आज चौक आहे. आणि मावशी? ती निवृत्त होईपर्यंत त्याच कचेरीत टाइप करत राहिली. का, ते मी एकदाच विचारलं. सोडलं असतं तर तो दोषी होता असं झालं असतं, म्हणाली. हे उत्तर मला पटलेलं नाही.

मी अठ्ठावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. ‘प्रादेशिक पक्षांवरील आंतरराष्ट्रीय साम्यवादाचा प्रभाव’, पाच मार्क. एका मताचे इतिहासकार म्हणतात सगळं परदेशातून ठरत होतं, दुसऱ्या मताचे म्हणतात इथले इथेच ठरवत होते. दोन्ही मतं मी पोरांकडून घोकून घेतली, घरात मावशी असताना. पहिल्या मताच्या एका प्राध्यापकांचं जाडजूड पुस्तक आलं, ते मी विकत आणलं. परदेशी दप्तरखान्यात वर्षभर बसून लिहिलेलं. मधल्या पानांत एका पत्राचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, पक्षाला परदेशातून आलेल्या आदेशाचा निर्विवाद पुरावा. डाव्या कोपऱ्यातले तीन ठिपके ही अतिगुप्ततेची खूण असावी, असंही. चौऱ्याऐंशी वर्षांची मावशी भिंग लावून तो फोटो बघत होती. हसायलाच लागली. मग मजकुरातला सतरा नंबर दिसला, हसू थांबलं आणि म्हणाली, त्या प्राध्यापकांना बोलाव.

प्राध्यापक आले. सभ्य माणूस, चपला बाहेर नीट ठेवणारा. मावशीला आजी म्हणाले, तिथेच माझ्या डोक्यात तिडीक गेली. मावशीने सगळं सांगितलं. पण कागद तिथे सापडलाय आजी, ते म्हणाले. मीच पाकिटात घालून पाठवला म्हणून सापडला, ती म्हणाली. त्यांना ते पटेना. तुम्ही मूळ पत्राचं भाषांतर टाइप केलं असेल, म्हणाले. तेव्हा मावशीने ‘मिळमिळीत’ची गोष्ट सांगायला घेतली. मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. एवढं एक वगळ असं मी तिला आदल्या दिवशी बजावलं होतं. तिने पाय बाजूला घेतला आणि शब्दन् शब्द सांगितला. भाषांतर करणारा माणूस टायपिस्टला विचारून शिक्षा वाढवतो का, असं विचारलं. प्राध्यापक लिहायचे थांबले. त्यांना पटलं होतं, ते मला दिसलं.

“मला एकच ओळ हवी आहे,” मावशी म्हणाली. “हा माणूस शत्रूचा नव्हता. एवढं छापा, माझं काय लिहायचं ते लिहा.”

दुसरी आवृत्ती यायला दोन वर्षं लागली. मावशी रोज टपालाची वाट बघायची. पुस्तक आलं, तेव्हा तिची नजर पुरती गेली होती. फोटोखालची ओळ बदलली होती. ठिपके आता प्रतींचे होते, चूक त्यांनी मोकळेपणाने मान्य केली होती. मी तळटीप शोधून मोठ्याने वाचली.

‘हे पत्र परदेशातून आलेले नसून येथेच तयार झाले. त्यामुळे परकीय प्रभाव कमी नव्हे, तर अधिक खोल असल्याचे सिद्ध होते. आदेश येण्याची गरजच उरली नव्हती. संबंधित सभासदाच्या पत्नीनेच पत्र टाइप केले व त्याची भाषा अधिक कठोर केली, यावरून हा प्रभाव कुटुंबापर्यंत पोहोचला होता असे दिसते.’

“पुढे?” मावशीने विचारलं.

पुढे एकच ओळ होती. ती गाळावी असं मनात आलं. पण तिने त्या दिवशी प्राध्यापकांसमोर काही गाळलं नव्हतं.

“‘सतरा नंबरच्या सभासदावरील आरोपाची शहानिशा होऊ शकली नाही.’”

मांडीवर मावशीची बोटं टाइप केल्यासारखी हलत होती.

“फार मिळमिळीत झालंय हे,” ती म्हणाली.