बसून बघायची पाळी

सत्तारभाईंचं शिरूर कासारला मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तरुणपणी ते हॉकीची एकच स्पर्धा खेळले आणि पुढचा एक दात तिथेच ठेवून आले. तेवढ्या अनुभवावर गेली आठ वर्षं ते मुलींना हॉकी शिकवतात.

दिवाळीपर्यंत त्यांच्याकडे अकरा मुली असतात. मग ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि बहुतेक मुली आईबापांबरोबर जातात. गेल्या वर्षी मेहेक, राजनंदिनी आणि संस्कृती एवढ्याच उरल्या. तिघींचा कसला संघ, असं मी म्हणून पाहिलं. सत्तारभाईंनी माझी गाडी मुद्दाम दोन दिवस उशिरा दिली.

संस्कृती आजीजवळ राहिली, तीही अटीवर. तिचे वडील अजिनाथ निघताना सांगून गेले होते की मार्चच्या चाचणीत पोरगी क्रीडा वसतिगृहासाठी निवडली गेली तर ठीक, नाहीतर पुढच्या साली ती मोळ्या बांधायला फडात येणार.

मग रोज सकाळी बाजारतळावर जुने टायर मांडून एकच सराव. एकीनं बॉल न्यायचा, दुसरीनं अडवायचा, तिसरीनं टायरवर बसून दोघींचे पाय बघायचे आणि चूक सांगायची. बॉल नेऊन झाला की नेणारीनं बसायचं. चार महिने हेच. बघून बघून मलाही लोकांचे पाय बघायची खोड लागली. माझा त्यात काही फायदा झाला नाही.

चाचणी बीडला झाली. अनोळखी मुलींचे दोन संघ पाडले. संस्कृतीनं एकीला चकवलं, बॉल पुढे दिला आणि सवयीनं मैदानाच्या मधोमध खाली बसली. खेळ चालूच होता. मुली तिला वळसा घालून पळत राहिल्या. सत्तारभाईंनी तोंडावर रुमाल घेतला.

निवड करणाऱ्या बाईंनी तिला बोलावून कुठे दुखतंय का, असं विचारलं.

“न्हाई मॅडम. माझी बघायची पाळी होती.”

“मग काय बघितलंस?”

“पाच नंबरवाली उजव्या पायावर लई भार देती. तिच्या डावीकडनं गेलं तर ती वळूस्तोवर बॉल फुडं जातो.”

बाईंनी तिला परत आत पाठवलं. ती दोनदा त्याच बाजूनं गेली, दोनदा गोल झाला. यादीत तिचं नाव चौथं होतं.

सत्तारभाईंनी तिथूनच फडावर फोन लावला. निवड झाल्याचं अजिनाथना सांगितलं.

“म्हंजी पुढल्या साली ती येत न्हाई,” ते म्हणाले.

“न्हाई.”

“बरं झालं.” त्यांनी फोन ठेवला.

जूनमध्ये संस्कृती वसतिगृहात गेली. सत्तारभाईंना आनंद झाला, आणि तिच्यावाचून करमेनासंही झालं. दोन्ही त्यांनी मला सांगितलं. यंदाच्या दिवाळीनंतर टोळ्या निघायच्या वेळी मेहेक आणि राजनंदिनी दोघीच उरणार होत्या, म्हणून तिसऱ्या टायरवर आपणच बसायचं त्यांनी ठरवलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी अजिनाथ धाकट्या पोरीला घेऊन दुकानात आले.

“हिलाबी टायरवर बसवा,” ते म्हणाले. अट काही घातली नाही.